मेल गेटवेचं ‘थ्रेट नेटवर्क शेअरिंग’ चालू करावं की बंदच ठेवावं? ड्रॉइंग, फाईलची नावं बाहेर जातात काय?

उद्यमबाग_मेल

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका कास्टिंग आणि मशिनिंगच्या कारखान्यात मी आयटी बघतो, म्हणजे सर्व्हर, टॅली, सीसीटीव्ही, मेल सगळं माझ्याकडंच. आमच्या मेल गेटवेचं, म्हणजे येणारा-जाणारा मेल तपासणाऱ्या मशीनचं, लायसन यंदा रिन्यू करायचं आहे. डीलरचा माणूस आला, सेटिंग दाखवताना एका ठिकाणी ‘इथं टिक करा’ म्हणून सांगितला. तिथं लिहिलंय की तुमच्या मेल ट्रॅफिकची आकडेवारी आमच्या थ्रेट नेटवर्कला पाठवायची परवानगी द्या, त्यातनं सगळ्या गिऱ्हाइकांचं संरक्षण सुधारतं. मी विचारलो, नेमकं काय काय जातं? तर म्हणतो ‘साहेब सगळेच चालू ठेवतात’. हे काय उत्तर झालं काय?

आमची अडचण अशी की जर्मनी आणि इटलीच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग मेलवर येतात, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, सही केलेला आहे, त्यात स्पष्ट आहे की ड्रॉइंग, पार्ट नंबर, भाव यातलं काहीच तिसऱ्या माणसाला द्यायचं नाही. आणि फाईलच्या नावातच पार्ट नंबर, रिव्हिजन, कधी कधी गिऱ्हाइकाचं नाव पण असतं. मालकांना विचारलो तर एका वाक्यात म्हणाले, ‘आपलं काय बी बाहेर जायचं नाही’. क्वालिटीच्या मॅडमचं पण तेच म्हणणं, कारण गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला की उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

पण मला दुसरी बाजू पण दिसते हो. आरएफक्यू (भाव मागणारं पत्र) म्हणून, पर्चेस ऑर्डर म्हणून, डीएचएलची पावती म्हणून रोज काय ना काय येत असतं आणि आमच्या मार्केटिंगच्या पोरांचं कामच आरएफक्यू उघडायचं आहे, त्यांना ‘अनोळखी फाईल उघडू नका’ म्हणून सांगून काय उपयोग, नवीन गिऱ्हाईक अनोळखीच असणार की. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या एका युनिटमध्ये अकाउंटचं कॉम्प्युटर असल्याच एका फाईलनं बसलं, आणि तीच फाईल, तेच नाव, त्याच सर्व्हरवरनं दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आली. त्यांच्या मशीननं आदल्या दिवशी कुणाला तरी कळवलं असतं तर आमच्या दारातच ती अडली असती असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारतोय. नेमकं काय जातं, त्यातनं ड्रॉइंगचा माग लागू शकतो काय, आणि मालकांना पटेल असं कसं मांडायचं? कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा.

खानापूरकर_बेंगळुरात

दादा, चांगला प्रश्न विचारलात. मी मूळ खानापूरचा, इथं बेंगळुरात एका सिक्युरिटी टीममध्ये काम करतो, मेलचीच बाजू बघतो. तुमचं मशीन कुठल्या कंपनीचं ते तुम्ही लिहिलं नाही, लिहू पण नका. पण या प्रकारातलं जुनं आणि सगळ्यात नीट कागदावर मांडलेलं उदाहरण म्हणजे सेंडरबेस, मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची पत मोजणारं नेटवर्क. आयर्नपोर्ट नावाच्या कंपनीनं ते उभं केलं, २००७ साली सिस्कोनं आयर्नपोर्ट विकत घेतली, आता ते काम टॅलोस या नावाखाली चालतं. तिथं प्रत्येक पाठवणाऱ्या आयपीला, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नंबरला, उणे १० ते अधिक १० असा गुण मिळतो आणि गेटवे तो गुण बघून, मेल आत घ्यायच्या आधीच, कनेक्शन स्वीकारायचं की हळू करायचं की तोडायचं ते ठरवतो. हा गुण येतो कुठनं, तर तुमच्यासारख्यांच्या मशीननी पाठवलेल्या आकड्यांतनं.

आता जातं काय. त्यांच्या ॲडमिन गाईडमध्ये यादीच छापलेली होती. एक भाग मशीनचा: मशीनची ओळख, वेळ, सॉफ्टवेअरची आणि नियमांची आवृत्ती, क्वारंटाईनमध्ये (अडवून बाजूला ठेवलेले) किती मेल पडलेत असलं. दुसरा भाग प्रत्येक पाठवणाऱ्या आयपीचा: त्या आयपीवरनं किती कनेक्शन आली, किती मेल आले, त्यातले किती स्पॅम ठरले, किती व्हायरस ठरले, एकूण पत्ते किती आणि त्यातले अस्तित्वातच नसलेले किती. हा शेवटचा आकडा लय कामाचा असतो, कारण ज्याच्याकडं तुमची खरी यादी नाही तो अंदाजानं सेल्स, इन्फो, अकाउंट्स असे पत्ते मारत बसतो, आणि शंभरातले नव्वद पत्ते चुकीचे निघाले की तो कोण आहे ते कळतंच. मेलचा मजकूर जात नाही, कुणी कुणाला लिहिलं ते जात नाही.

तुमची खरी काळजी फाईलच्या नावाची, आणि ती रास्त आहे, कारण फाईलच्या नावाबद्दल पण काहीतरी जातं. दोन प्रकारे. एक म्हणजे नावाचा एमडी५ हॅश, म्हणजे नावावरनं काढलेला ठसा, ठशावरनं सरळ मागं नाव काढता येत नाही. दुसरं म्हणजे झाकलेलं नाव: लहान इंग्रजी अक्षराच्या जागी लहान ए, मोठ्या अक्षराच्या जागी मोठा ए, अंकाच्या जागी शून्य, आणि देवनागरी किंवा कन्नड अक्षर असेल तर एक्स. टिंब, डॅश, रिकामी जागा मात्र आहे तशी. असं का करतात, तर फाईलचं नाव काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, नावाचा आकार पाहिजे असतो. ‘इनव्हॉइस’च्या पुढं दोन-दोन एक्स्टेंशन लावलेत काय, पीडीएफच्या मागं ईएक्सई लपवलंय काय, नावात मुद्दाम लांबलचक रिकामी जागा सोडलीये काय, हे त्या आकारावरनं कळतं. त्याच बरोबर एक्स्टेंशन एक आणि आतली फाईल प्रत्यक्षात दुसरीच असं आहे काय, ते पण जातं.

लिंकचं असंच: कुठल्या सर्व्हरकडं बोट आहे ते नाव जातं, पुढचा रस्ता झाकून जातो.

तेव्हा मालकांना सांगायचं तर असं सांगा की ड्रॉइंग जात नाही, मेल जात नाही, पण ‘काहीच जात नाही’ हे खरं नाही. आणि प्रत्येक कंपनीची यादी वेगळी असते, माझं उदाहरण एकाच घराण्याचं आहे, तुमच्या मशीनच्या गाईडमध्ये ‘काय शेअर होतं’ हा भाग शोधून काढा. डीलरकडं ती यादी लेखी मागा. यादी द्यायला जो तयार नाही त्याचं टिक लावायचं नाही, एवढं सरळ आहे.

निपाणी_सोसायटी

मी स्पष्ट सांगतो, आम्ही बंद ठेवलंय आणि बंदच ठेवणार. निपाणीत एका पतसंस्थेत आहे मी. आमच्याकडं ब्रँचमधनं हेड ऑफिसला जे मेल येतात त्यात सभासदाचं नाव आणि खातं नंबरच फाईलचं नाव असतं, हे बदला म्हणून कितीदा सांगितलो पण ब्रँचवाले ऐकत नाहीत, त्यांना शोधायला तेच सोपं पडतं. असली नावं कुठल्या तरी परदेशातल्या सर्व्हरवर हॅश होऊन का होईना जाणार आणि उद्या सभासद विचारला तर आम्ही काय सांगायचं? तंबाखूचे शेतकरी आहेत, विडी कामगार बायका आहेत, त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवून पैसे ठेवलेत, कुठल्या सिक्युरिटी कंपनीवर विश्वास ठेवून न्हाई.

शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. त्यात सरळ आहे की डेटा हाताळायला तुम्ही दुसऱ्याला नेमला तरी जबाबदारी तुमचीच. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या रकमेत आमच्यासारख्या संस्था किती विकत घेता येतील ते बघा. त्यात खानापूरकर म्हणतात ‘लेखी मागा’, मी मागितलो होतो. आमच्या जुन्या सेवा देणाऱ्यानं, नाव घेत नाही, एक छापील जाहिरातच पाठवून दिली, त्यात ‘अनामिक’ हा शब्द पानोपानी आणि यादी कुठंच न्हाई.

आणि अजून एक. पैसे आपण भरायचे, एएमसी (वर्षाची देखभाल) आपण भरायची आणि वर आपल्याच मेलचे आकडे घेऊन ते आपला माल सुधारून दुसऱ्याला विकणार. हे मला पटत नाही.

उद्यमबाग_मेल

निपाणीकर, तुमचं म्हणणं पटतंय. खातं नंबर आणि पार्ट नंबर, दोन्हीकडं दुखणं एकच आहे. खानापूरकर, त्या हॅशबद्दल एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात ठशावरनं नाव मागं काढता येत नाही. पण आमच्या एका गिऱ्हाइकाचे सगळे पार्ट नंबर एकाच पद्धतीचे असतात, पुढं दोन अक्षरं ठरलेली, मग सहा आकडे, मग रिव्हिजनचं एक अक्षर. मग कोणतरी बसून सगळे नंबर टाकून बघितला तर?

शहापूरची_अक्का

बरोबर ठिकाणी बोट ठेवलात भाऊ. मी इथं कॉम्प्युटर सायन्स शिकवते, पोरांना हेच दरवर्षी करून दाखवते. सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता, रिव्हिजनची २६ अक्षरं धरली तरी अडीच कोटींच्या आसपास. साध्या लॅपटॉपवर एवढे एमडी५ काढायला चहा संपेपर्यंत पण वेळ लागत नाही. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण जिथं नावं मोजकी आणि ठरल्या साच्यातली आहेत तिथं उलटा फिरवायची गरजच पडत नाही, सगळी नावं पुढून टाकून जुळवून बघायची, झालं. फोन नंबरचं, खातं नंबरचं, आधारचं तसंच. म्हणून ‘हॅश केलंय म्हणजे अनामिक आहे’ असं कोण सांगितलं तर मान्य करू नका. त्यात काही गुप्त किल्ली मिसळलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती किल्ली कुणाकडं आहे हा पुढचा प्रश्न.

अर्थात हे करायला त्या कंपनीच्या आतला डेटा हातात पाहिजे, रस्त्यावरच्या चोराला ते जमणार नाही. पण तुमच्या एनडीएमध्ये ‘चोराला द्यायचं नाही’ असं लिहिलेलं नसतं, ‘तिसऱ्याला द्यायचं नाही’ असं असतं.

आता ‘आपलं काय बी बाहेर जायचं नाही’ या मालकांच्या वाक्याबद्दल. ते वाक्य आजच खरं नाही, टिक लावलेलं नसताना पण. तुमचा गेटवे ब्लॉकलिस्ट, म्हणजे बदनाम आयपींची यादी, वापरत असणार, स्पॅमहाउस म्हणा किंवा दुसरी कुठली. ती चालते डीएनएसवर, म्हणजे इंटरनेटवर नावावरनं पत्ता विचारायच्या पद्धतीवर. मेल आला की गेटवे पाठवणाऱ्याचा आयपी उलटा लिहून यादीवाल्याच्या डीएनएसला विचारतो, हा तुमच्याकडं आहे काय? म्हणजे तुमच्याकडं अमुक वेळी अमुक सर्व्हरनं दार ठोठावलं हे यादीवाल्याला आपोआप कळलं. मधे गूगलचा ८.८.८.८ सारखा सार्वजनिक रिझॉल्वर (असले प्रश्न पुढं विचारणारा सर्व्हर) ठेवला तर कोण विचारतंय ते झाकलं जातं, पण म्हणूनच स्पॅमहाउस असल्या रिझॉल्वरवरनं आलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देतच नाही, चूक दाखवणारा एक कोड परत पाठवतं. तो कोड गेटवेला नीट समजला नाही तर चांगले मेल पण उडतात, हे पण एकदा तपासून बघा.

आणि दुसरी बाजू. तुम्ही जर्मनीला मेल पाठवता तेव्हा तिथल्या गेटवेनं शेअरिंग चालू ठेवलं असेल तर तुमच्या आयपीचे आकडे तिकडनं त्या नेटवर्कमध्ये जातच आहेत. तुम्ही सहभाग घ्या अथवा न घ्या, तुमची पत तिथं मोजली जातीये. आमच्या ओळखीच्या एका होनग्याच्या युनिटची कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जायची, कारण त्यांच्या ब्रॉडबँडच्या आयपीची शेजारपाजारची अख्खी ओळ बदनाम होती. तेव्हा हा प्रश्न ‘द्यायचं की नाही’ असा नाहीच, ‘कुठल्या दारानं, किती, आणि कुणाच्या परवानगीनं’ असा आहे.

खरा धोका मला आकड्यांत वाटत नाही, नमुन्यात वाटतो. काही सिस्टीममध्ये ‘संशयास्पद फाईल तपासायला पाठवा’ असा वेगळा पर्याय असतो, तिथं आकडे नाही, अख्खी फाईल जाते. कॅस्परस्कीनं २०१७ साली स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या अँटीव्हायरसनं एका अमेरिकन माणसाच्या घरच्या कॉम्प्युटरवरनं एक झिप फाईल संशयास्पद म्हणून आपल्याकडं ओढून घेतली आणि उघडून बघतात तर आत अमेरिकी गुप्तचर खात्याच्या हॅकिंग साधनांचा सोर्स कोड. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं ती नंतर काढून टाकली. सॉफ्टवेअरनं त्याचं नेमून दिलेलं कामच केलं होतं, आणि म्हणूनच ते उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. काही बिघडलेलं नसताना, कुणाचा वाईट हेतू नसताना पण फाईल बाहेर गेली. तुमच्या कॅड फाईलमध्ये मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) असेल, झिपला पासवर्ड असेल, तर ती संशयास्पद ठरायला किती वेळ लागणार?

तसंच व्हायरसटोटल, म्हणजे फाईल अनेक अँटीव्हायरसकडनं तपासून देणारी वेबसाइट. तिथं अख्खी फाईल टाकली की पैसे भरणारे इतर ग्राहक ती उतरवून घेऊ शकतात. आपल्याकडं बरीच पोरं सवयीनं कुठलीही फाईल तिथं टाकून बघतात. आधी फक्त हॅश टाकून शोधायचं, फाईल टाकायची नाही, हा नियम कारखान्यात भिंतीवर लावा म्हणते मी.

होनगा_प्लांट

आमच्याकडं चालू आहे. काय फरक वाटला म्हणाल तर विशेष काय न्हाई. आमचं नुकसान झालं ते वेगळ्याच मेलनं. सप्लायरचा मेलबॉक्सच कोणतर ताब्यात घेतलेला, जुन्या मेलच्या साखळीतच उत्तर आलं की बँक बदलली, नवीन खात्यावर भरा. सर्व्हर खरा, पत्ता खरा, एसपीएफ-डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे काय ते बघायच्या तपासण्या) सगळं पास. असल्या मेलला तुमचं थ्रेट नेटवर्क काय करणार? आता आम्ही खातं बदललं म्हटलं की जुन्या नंबरवर फोन करून आवाज ओळखल्याशिवाय पैसे सोडत नाही. आणि पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, पहिल्या काही तासात पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

खानापूरकर_बेंगळुरात

होनगाकर, तुमचं खरं आहे, मी ते नाकारत नाही. खऱ्या मेलबॉक्समधनं आलेला खोटा मेल आकड्यांच्या जाळ्यात सापडत नाही. तिथं फोनच करायचा.

पण मालवेअर असलेल्या आरएफक्यूचं तसं नसतं. ते एका सर्व्हरवरनं हजारो कारखान्यांना एकाच सकाळी सुटतात. एजंट टेस्ला नावाचं पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर २०१४ पासून फिरतंय, आणि ते आरएफक्यू, पर्चेस ऑर्डर, शिपिंगची कागदपत्रं असल्याच नावाखाली येतं, म्हणजे उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या लोकांच्या रोजच्या कामाचा वेष घालूनच येतं. असली लाट ओळखायला पहिले काही तास कुणाच्या तरी दारात ती दिसावी लागते. आणि माझं कळकळीचं म्हणणं आहे ते इथंच आहे. मोठ्या शहरातल्या बँकांच्या, आयटी कंपन्यांच्या दारात जे येतं ते लगेच दिसतं, कारण त्यांची मशीन आकडे पाठवतात. आमच्या निपाणी-चिकोडी-खानापूर पट्ट्यातल्या पतसंस्था, साखर कारखाने, फाउंड्री यांच्यावर जे येतं ते कुणाच्याच नकाशावर नसतं. मराठीत लिहिलेला, किंवा मराठीच पण इंग्रजी अक्षरात लिहिलेला, किंवा अर्धा कन्नड अर्धा इंग्रजी असा फसवा मेल बाहेरच्या कुठल्या फिल्टरला आधी दिसणार? आपल्याच दारात दिसणार. आपण सगळ्यांनी दार लावून घेतलं तर चोराला गल्लीत फिरायला मोकळं रान मिळतं.

हा विचार नवीन पण नाही. विपुल वेद प्रकाश यांनी १९९८ साली रेझर नावाचं साधन काढलं होतं, कल्पना एवढीच की एकानं स्पॅम ओळखला की त्याचा ठसा सगळ्यांना द्यायचा. सुरुवातीला त्यात कुठली कंपनी आकडे विकत नव्हती. तेव्हा निपाणीकर, तुमचा ‘आमच्या डेटावर ते पैसे कमावतात’ हा राग मला समजतो, पण तो राग कंपनीवर काढताना शेजाऱ्याचं नुकसान होतंय ते पण बघा. फुकट आणि मोकळी साधनं पण आहेत, आरस्पॅमडी हा स्पॅम फिल्टर आहे, त्यातलं फझी हॅशचं (थोडाफार बदललेला मेल पण ओळखणाऱ्या ठशांचं) कोठार तुम्ही स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू शकता. पाच-दहा पतसंस्थांनी मिळून एक सर्व्हर ठेवला तर आकडे जिल्ह्याबाहेर पण जायची गरज नाही. यावर कुणी विचार करत असेल तर मी माझा वेळ द्यायला तयार आहे, पैसे नको.

उद्यमबाग दादा, तुमच्यासाठी मी असं करेन. येणाऱ्या मेलचे आयपीचे आकडे चालू. फाईलच्या नावाचा आणि प्रत्येक मेलमागचा तपशील वगळायचा पर्याय असला तर तो वगळायचा, नसला तर अख्खंच बंद. अख्खी फाईल पाठवायचं सेटिंग वेगळं शोधून बंद करायचं, ते बऱ्याचदा दुसऱ्याच पानावर, ‘फाईल ॲनालिसिस’ किंवा ‘सँडबॉक्स’ अशा नावाखाली असतं आणि मुळात चालूच आलेलं असतं. जाणाऱ्या मेलवर हे लागू होतं काय ते लेखी विचारायचं. आणि सर्टइनचं, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, विसरू नका, २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशाप्रमाणं घटना कळल्यापासनं ६ तासात त्यांना कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे असतात. कंपनीच्या नेटवर्कला आकडे गेले म्हणजे सर्टइनला कळवलं असं होत नाही, बरेच जण तसं धरून चालतात.

निपाणी_सोसायटी

शेजाऱ्याचं नुकसान म्हणालात ते लागलं मला. पतसंस्थांनी मिळून स्वतःचा सर्व्हर ठेवायचं म्हणत असाल तर मी संचालकांपुढं मांडतो, कारण तिथं यादी आपल्या हातात राहते आणि चावी पण आपल्याकडं. बाहेरच्या कंपनीबद्दल मात्र माझं मत तेच. आणि एक प्रश्न, समजा आज चालू केलं आणि वर्षानं वाटलं नको, तर आधीचं गेलेलं पुसून मिळतं काय?

शहापूरची_अक्का

बेरजेत मिसळलेला आकडा वेगळा काढून पुसता येत नाही भाऊ. अमुक आयपीवरनं जगभरात इतके मेल आले या बेरजेत तुमचे किती ते शोधायला आधी तुमचं नाव प्रत्येक आकड्याला चिकटवून ठेवावं लागेल, आणि तेच आपल्याला नकोय. कच्चा डेटा किती दिवस ठेवतात ते मात्र विचारता येतं आणि विचारायलाच पाहिजे. म्हणून निर्णय चालू करायच्या आधी घ्यायचा, नंतर पश्चात्तापाला जागा नाही.

अजून एक, उद्यमबाग भाऊ. सेटिंग बंद केलं म्हणजे बंद झालं असं धरू नका. फायरवॉलवर गेटवेच्या आयपीवरनं बाहेर जाणारं ४४३ पोर्टवरचं ट्रॅफिक एक दिवस लॉग करा, सेटिंग चालू असताना एक दिवस आणि बंद असताना एक दिवस. आत काय आहे ते दिसणार नाही कारण ते एनक्रिप्टेड असतं, पण कुठल्या सर्व्हरला, किती वेळानं, किती केबी जातंय ते दिसतं. अपडेट उतरवायला जातं ते वेगळं ओळखू येतं, तिथं येणारं जास्त आणि जाणारं थोडं असतं. बंद केल्यावर पण जाणारं तेवढंच राहिलं तर डीलरला तो लॉग दाखवून विचारा.

उद्यमबाग_मेल

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, तुमच्या फायरवॉलच्या सांगण्याप्रमाणं लॉग लावलो. शेअरिंगचं टिक तर अजून लावलेलंच नव्हतं, तरी ‘फाईल ॲनालिसिस’ चालू होतं, खानापूरकर म्हणाले तसं दुसऱ्याच पानावर. ते आधी बंद केलो आणि मालकांना तो लॉग दाखवलो. ते स्वतः खुर्ची ओढून बसले, काय जातंय, कुठं जातंय सगळं विचारले. शेवटी म्हणाले, पलीकडच्या शेडचं वाचत असेल तर आकडे जाऊ देत, पण गिऱ्हाइकाच्या फाईलचं नाव पण जायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला आधी विचारायचं.

म्हणून आता क्वालिटीच्या मॅडम आणि मी मिळून जर्मनीच्या गिऱ्हाइकाला पत्र करतोय: येणाऱ्या मेलच्या पाठवणाऱ्या आयपीची संख्या, स्पॅम-व्हायरसचा निकाल एवढंच शेअर करायचा विचार आहे, फाईल, फाईलचं नाव, मजकूर, पत्ता काही नाही, तुमची हरकत आहे काय. डीलरकडं तीन गोष्टी लेखी मागितल्यात, शेअर होणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी, जाणाऱ्या मेलला हे लागू आहे काय, आणि कच्चा डेटा किती दिवस ठेवतात. तिन्हींची उत्तरं आल्याशिवाय रिन्यूअलचा पीओ निघणार नाही असं मालकांनीच सांगितलंय.

निपाणीकर, तुमच्या संचालकांची मीटिंग झाली की कळवा. सामायिक सर्व्हरसाठी आमच्या शेडमध्ये एक जुना पण चांगला रॅक सर्व्हर पडून आहे, यूपीएससकट, मालकांना विचारून ठेवतो.